बाग, बागायत आणि आरक्षण
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

मांजरीच्या जुन्या माणसाला 'इथे बाग कुठे आहे?' असे विचारले तर तो उलट विचारतो, 'कशाची?' आमच्याकडे बाग म्हणजे उत्पन्न. द्राक्षाची बाग, पेरूची बाग, अंजिराची बाग. पाटाचे पाणी मिळते ती बागायत, पावसाच्या भरवशावर असते ती जिरायत. आणि सोयरीक जुळवताना पहिली चौकशी होते ती याच फरकाची. बाकावर बसून हवा खावयाची, मुलांना घसरगुंडीवर खेळावयास न्यावयाचे, अशा अर्थाची बाग आमच्याकडे अगदी अलीकडे आली, आणि तीही बहुधा बिल्डरच्या रंगीत जाहिरातीतून. दिवसभर मेथीच्या वाफ्यात वाकून काम केलेल्या माणसाने संध्याकाळी झाडे पाहण्यासाठी मुद्दाम कोठे तरी जावयाचे, या कल्पनेचे माझ्या आजोबांना अजूनही हसू येते. परंतु आजोबांचे रान आता बारा गुंठेच उरले आहे, आणि ज्यांना बारा गुंठेही नाहीत अशी भाड्याच्या खोल्यांतून राहणारी मुले गावात पुष्कळ झाली आहेत. ती रस्त्यावर खेळतात. म्हणून या विषयाकडे हसण्यावारी पाहून चालणार नाही असे मला वाटते.

मांजरी बागायत झाली ती धरणामुळे. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले आणि मुठेचा उजवा कालवा पुणे छावणी, हडपसर या बाजूने पूर्वेकडे निघाला. त्याच्या पाण्यावर येथे उसाची शेती उभी राहिली. सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांजरीत उसाचे प्रायोगिक क्षेत्र काढले. 'मांजरी फार्म' हे नाव तेव्हापासूनचे. पुढे १९७५ साली साखर कारखानदारांची संशोधन संस्था येथेच स्थापन झाली. तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आले. रसासाठी काढलेल्या द्राक्षाच्या एका वाणाचे नाव 'मांजरी मेडिका' असे आहे. गावाचे नाव द्राक्षाला मिळाले आणि गावातले द्राक्षवेल मात्र एकेक करून उपटले जात आहेत, हे आम्ही रोज पाहतो. मांजरीच्या उपबाजारात शेतकरी स्वतः पालेभाजी विकतात. तेथे माझे वडीलही बसतात. त्यांच्या शेजारी बसणारे काही जण आता येत नाहीत, कारण त्यांच्या रानात आता मजले मोजतात.

३० जून २०२१ रोजी तेवीस गावे पुणे महानगरपालिकेत घेण्यात आली. त्यांत मांजरी बुद्रुक होते. मुळा-मुठेच्या पलीकडची मांजरी खुर्द नव्हती. एका नदीने शहर आणि खेडे वेगळे केले. शहरात आल्यावर मालमत्ता कर, नळाचे पाणी, कचऱ्याची गाडी यांची चर्चा पारावर फार झाली. बागेची चर्चा कोणी केली नाही. करण्यासारखे होतेच काय? गावात बाग नव्हती, तेव्हा ती जाण्याचा प्रश्नही नव्हता. नेमका येथेच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. वाढत्या शहरातल्या बहुतेक बागा कुऱ्हाडीने मरत नाहीत. त्या झाडे लागण्यापूर्वीच कागदावर मरतात, आणि त्या मेल्याचे कोणाला कळतही नाही.

झालेल्या बागेला माणसे असतात. रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनचे पाहा. ॲग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही जुनी संस्था तिचा सांभाळ करते, जानेवारीत तेथे फुलांचे प्रदर्शन भरते, आणि पुण्याच्या कितीतरी पिढ्यांनी तेथे शाळेची सहल नेली आहे. २०१८-१९ च्या सुमारास तिच्या काही एकर जागेवर सरकारी अधिकाऱ्यांसाठी घरे बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा लोक लगेच उठले, हरकती गेल्या, वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या. झाडाला मिठी मारून छायाचित्र काढता येते. पण जेथे अजून उसाचा खोडवा आहे, किंवा नुसते कुसळी गवत आहे, आणि नकाशात मात्र 'उद्यान' लिहिले आहे, त्या जागेसाठी सही कोण करणार? त्या जागेवर ज्या मुलाने खेळावयाचे ते तर अजून जन्मालाही आलेले नसते.

ही नकाशातली बाग म्हणजे काय, हे मला महाविद्यालयात येईपर्यंत माहीत नव्हते; आमच्या घरी 'आरक्षण पडले' हा शब्द 'विहीर पडली' या चालीवर वापरतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ असा एक कायदा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक शहराचा विकास आराखडा करावा लागतो. पुढच्या वीस वर्षांत शहर किती वाढेल याचा अंदाज घेऊन रस्ते, शाळा, दवाखाने, बाजार, स्मशान आणि बागा यांसाठी जागा राखून ठेवावयाच्या, हे त्याचे काम. ज्या जागेवर अशी खूण पडते ती जागा त्या दिवशी सरकारची होत नाही. सातबारा पूर्वीच्याच माणसाच्या नावाचा राहतो, पीक तोच घेतो. मात्र तेथे त्याला बांधकाम करता येत नाही, आणि म्हणून चांगला भावही येत नाही. ती जागा प्रत्यक्ष ताब्यात घेण्यासाठी महापालिकेने मालकाशी समझोता करावयाचा असतो. पैसे द्यावे, किंवा त्याच्या बदल्यात दुसरीकडे वापरता अगर विकता येणारे चटईक्षेत्र द्यावे, ज्याला टीडीआर म्हणतात. नाही तर रीतसर भूसंपादन करावे.

आता या खुणेला मुदत असते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. कायद्याचे १२७ वे कलम असे सांगते की, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक महापालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठराविक काळात संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण आपोआप संपते. सरकारी भाषेत ते 'व्यपगत' होते. हा काळ मुळात सहा महिन्यांचा होता, पुढे एक वर्षाचा झाला आणि २०१५ पासून चोवीस महिन्यांचा आहे. म्हणजे एखाद्या कार्यालयात एक नोटीस टेबलावर पडून राहिली, निधीची तरतूद झाली नाही, फाइल या खात्यातून त्या खात्यात गेली, की दोन वर्षांनी बाग संपली. ना मोर्चा, ना बातमी. शेजारच्या जमिनीला जे बांधता येते ते येथेही बांधता येते. याशिवाय ३७ व्या कलमाने आराखड्यात फेरबदल करण्याची सोय आहे ती वेगळीच. त्यासाठी निदान जाहीर सूचना काढावी लागते; पण छोट्या अक्षरांतली जाहीर सूचना आमच्या गावात कोण वाचतो? ज्या कागदात भेळ बांधून येते तो कागद म्हणून आम्ही तो पाहतो.

याचा सर्वांत बोलका दाखला पुण्याचाच आहे, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो देशभर माहीत आहे. बिबवेवाडीच्या बाजूला सुमारे ४३.९४ एकर जमिनीवर 'फॉरेस्ट गार्डन', म्हणजे वनोद्यान करावयाचे महापालिकेने ठरवले. स्थायी समितीच्या मान्यतेने प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला तो २००२ साली. पहिली अधिसूचना २००४ मध्ये निघाली, पुढची २००५ च्या डिसेंबरात, आणि मोबदल्याचा निवाडा ३१ जानेवारी २००८ रोजी झाला. मालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने संपादन रद्द केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असतानाच २०१३ चा नवा भूसंपादन कायदा आला. पाच वर्षांपूर्वी निवाडा होऊनही मोबदला दिलेला नसेल तर जुने संपादन संपुष्टात येईल, असे त्यात म्हटले होते. महापालिकेचे म्हणणे असे की सत्तावीस कोटी रुपये सरकारी तिजोरीत भरले आहेत. २४ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: तिजोरीत भरणे म्हणजे मालकाला देणे नव्हे. बागेचे संपादन संपले. हा निकाल दाखवून पुढील काही वर्षांत देशात ठिकठिकाणी जमिनी सोडवून घेण्यात आल्या. पुढे ६ मार्च २०२० रोजी इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो अर्थ चुकीचा ठरवला, आणि त्याच वर्षी पुण्याच्या खटल्यातला निकालही मागे घेण्यात आला.

निवाड्यांची ही उलटापालट मला पूर्ण कळते असा माझा दावा नाही. परंतु एक गोष्ट साधी आहे. २००२ साली जन्मलेले मूल २०२० साली अठरा वर्षांचे होते. खेळण्याचे वय प्रस्ताव, अधिसूचना, निवाडा आणि निकाल यांत संपून जाते.

या प्रकरणात मालकांना खलनायक करणे सोपे आहे, आणि शहरातील काही पर्यावरणप्रेमी मंडळी ते करतातही. मला ते पटत नाही, आणि यात माझा पक्षपात असेल तर तो मी लपवीत नाही. आरक्षण कोणाच्या जमिनीवर पडते? गावात सर्वत्र असा समज आहे की ज्याची ओळख वरपर्यंत आहे त्याच्या बांधाशी येऊन रेघ वळते आणि ज्याची नाही त्याच्या विहिरीवरून सरळ जाते. हा समज प्रत्येक वेळी खरा नसेलही; पण तो आहे, आणि त्यामुळे 'बाग' हा शब्द ऐकला की आमच्या भागातला लहान शेतकरी दचकतो. आजोबा म्हणतात, "रान आमचं जायचं अन् वारं लोकांनी खायचं, ह्याला बाग म्हणत्यात." त्यांच्या बोलण्यात राग आहे, पण हिशेबही आहे. तीन भावांत वाटून आलेले वीस गुंठे हीच ज्याची पेन्शन, मुलीचे लग्न आणि आजारपणाची तरतूद, त्याने ती दहा वर्षे अडकवून ठेवावी आणि नंतर मोबदल्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजवावेत, हे न्यायाचे नाही. डोंगरांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या बाबतीतही भांडण याच मुद्द्यावर झाले. १९९७ साली पुण्यात आलेल्या तेवीस गावांच्या आराखड्यात ९७८ हेक्टर टेकड्यांवर हे आरक्षण ठेवण्यात आले. शासनाची मंजुरी मिळावयास २०१५ साल उजाडले, आणि मालकांना आठ टक्के टीडीआर देण्याचे ठरले तो आकडा त्यांना मान्य नव्हता. बाग वाचवावयाची असेल तर आधी शेतकऱ्याचे पैसे वेळेवर द्या, असे जो म्हणतो तो बागेचा शत्रू नसून तिचा खरा वकील आहे. बिबवेवाडीच्या जमिनीचे पैसे २००८ साली मालकांच्या हाती पडले असते, तर २०१४ साली महापालिकेला तो खटला हरावा लागला नसता.

आराखड्यातील आरक्षणाखेरीज बागेला दुसरीही एक वाट आहे, आणि मांजरीत तीच अधिक दिसते. शासनाच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर वसाहत करताना दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. ०.४ हेक्टर म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ चाळीस गुंठे. नियम चांगला आहे. पण आमच्याकडची जमीन विकली जाते ती दोन, पाच आणि दहा गुंठ्यांनी. चाळीस गुंठ्यांचे एक रान असते तर चार गुंठे मोकळे राहिले असते. त्याचेच वीस तुकडे झाले की मोकळे राहते शून्य. गुंठेवारीच्या वस्तीत दोन घरांमधून सायकल जाईल एवढीच वाट असते, आणि दोरीवरचे कपडे चुकवत ती काढावी लागते, ते यामुळेच. उलट मोठ्या गृहसंकुलात दहा टक्के जागा असते, तिच्यावर हिरवळ असते, कारंजेही असते. पण ती फाटकाच्या आत असते आणि फाटकावर पहारेकरी असतो. ती त्या सोसायटीच्या रहिवाशांसाठीच असते हे कायद्याने बरोबर आहे. त्यामुळे नकाशावर हिरवे ठिपके पुष्कळ आणि गावच्या पोरांना जागा नाही, अशी विचित्र स्थिती होते. मोठ्या प्रकल्पांतून 'ॲमिनिटी स्पेस' म्हणून जी जागा सार्वजनिक सोयींसाठी मिळते ती तरी सर्वांची असते. परंतु २०२१ साली अशा जागा दीर्घ मुदतीच्या भाड्याने देण्याचा प्रस्ताव पुणे महापालिकेत आला होता. नागरिकांनी आणि काही लोकप्रतिनिधींनी त्याला जोरदार विरोध केला. सोन्याचे अंडे देणारी कोंबडी कापण्याची गोष्ट आपण शाळेत वाचली आहे. येथे कोंबडी भाड्याने द्यावयाची होती एवढाच फरक.

झालेल्या किंवा न झालेल्या बागेच्या बाजूने न्यायालय उभे राहिल्याचे उदाहरण बंगलोरचे आहे. राजमहाल विलास एक्स्टेन्शन या वसाहतीच्या योजनेत एक भूखंड बागेसाठी ठेवलेला होता. शासनाच्या आदेशाने तो एका खाजगी ट्रस्टला शुश्रूषागृहासाठी देण्यात आला. रुग्णालय हे काही वाईट काम नव्हे, आणि म्हणूनच हा खटला विचार करण्यासारखा आहे. आजूबाजूचे रहिवासी न्यायालयात गेले. तुमचे वैयक्तिक काय नुकसान झाले, असा प्रश्न त्यांना विचारला गेला. १९ जुलै १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बागेसाठी राखलेली मोकळी जागा ही लोकांच्या आरोग्याची गरज आहे, ती वाचविण्यासाठी त्या भागातील रहिवाशाला न्यायालयात येण्याचा अधिकार आहे, आणि योजनेतील बाग काढून खाजगी शुश्रूषागृहाला देणे बेकायदेशीर आहे. 'चांगल्या कामासाठी' बाग जाते तेव्हा विरोध करणे अवघड असते. वाचनालय, समाजमंदिर, व्यायामशाळा यांना नाही कोण म्हणणार? बंगलोरच्या रहिवाशांनी ते अवघड काम केले.

न्यूयॉर्कची हकीगत थोडी निराळी आहे. तेथे १९७३ साली लिझ ख्रिस्टी नावाच्या चित्रकर्तीने सोबत्यांसह कचऱ्याने भरलेल्या एका पडीक भूखंडावर बाग केली. शेजाऱ्यांनी वाफे वाटून घेतले, भाजी लावली. त्यानंतर अशा बागा शहरात शेकड्यांनी झाल्या. परंतु जमीन महापालिकेची आणि परवानगी तात्पुरती होती. वस्ती सुधारली, जागेचे भाव चढले, आणि १९९९ साली महापौर जुलियानी यांनी शंभराहून अधिक बागा लिलावात काढल्या. ज्यांनी वस्तीला भाव आणला त्यांच्याच मेहनतीची बोली! अखेर गायिका बेट मिडलर यांची संस्था आणि दुसरी एक भूमिन्यास संस्था यांनी पैसे देऊन त्या विकत घेतल्या. आमच्यासाठी कोणी गायिका येणार नाही, हे गृहीत धरूनच पुढचे बोललेले बरे. इंग्लंडमध्ये यासाठी कायदाच आहे: १९२५ च्या कायद्यानुसार भाजीच्या वाफ्यांसाठी म्हणून नगरपालिकेने घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही. आपल्याकडे १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांचा कायदा आहे. तो झाडाला संरक्षण देतो, झाडाखालच्या जमिनीला नाही.

मांजरीपुरते सांगावयाचे तर स्थिती अशी आहे. गावे महापालिकेत आली, परंतु त्यांच्या आराखड्याचे काम शासनाने पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिले. प्राधिकरणाने २०२१ साली प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, त्यावर हजारो हरकती आल्या, वाद न्यायालयात गेला, आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. त्यातले काही आरक्षण गावाला नको होते. ते गेले म्हणून पेढे वाटणारेही होते. पण त्याबरोबर बागेच्या खुणाही पुसल्या गेल्या. मधल्या काळात बांधकाम काही थांबलेले नाही. आराखडा पुन्हा होईल तेव्हा बागेसाठी रिकामी जागा शोधावी लागेल, आणि जी रिकामी उरलेली असेल ती पुन्हा एखाद्या लहान शेतकऱ्याचीच असेल. म्हणून गावाने आधी पाहावयाचे ते सार्वजनिक जागांकडे. ग्रामपंचायतीच्या ताब्यातील ज्या जागा महापालिकेकडे गेल्या, त्यांची यादी माहितीच्या अधिकारात मागता येते. तेथे बाग करावयास कोणाचे रान घ्यावे लागत नाही.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला म्हणजे ठराविक मुदतीत हरकत घेता येते. जुन्या पुणे शहराच्या २०१३ च्या आराखड्यावर ८० हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या होत्या. त्यांत छापील अर्जांचे गठ्ठे होते तसेच हाताने लिहिलेले कागदही होते. अर्ज मराठीत चालतो. त्यात सर्व्हे नंबर, आरक्षणाचा क्रमांक आणि आपले म्हणणे लिहावे, नकाशाची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. बाग वगळली म्हणून जशी हरकत घेता येते, तशी बाग हवी म्हणून सूचनाही करता येते, आणि ती करताना मालकाला मोबदला कोणत्या प्रकारे द्यावा हेही लिहिता येते. पुढे नियोजन समितीपुढे सुनावणी होते. त्या दिवशी स्वतः हजर राहावे लागते, आणि सुनावणी कचेरीच्या वेळात असते. माझ्या वडिलांसारख्याने त्या दिवशी भाजी शेजाऱ्याच्या हाती देऊन जावे लागेल.